खिचडीचा डबा आणि अर्ध्या तासाचा रस्ता

प्रश्न: माझे वय 47 असून मी कोथरूडला राहते. मुलगी शिक्षणासाठी बाहेरगावी गेल्यापासून दिवस मोकळा असतो. आमच्या आसपास एकटी राहणारी नोकरदार मुले आणि मुले परदेशी असलेली वृद्ध जोडपी बरीच आहेत. पोळीभाजी केंद्रे पुष्कळ झाली आहेत. परंतु तापातून उठलेल्याला किंवा दमून घरी आलेल्याला जे खावेसे वाटते, म्हणजे मुगाची खिचडी, कढी, मऊ भात आणि मेतकूट, पिठले-भाकरी, टोमॅटोचे सार, ते फारसे कुठे मिळत नाही. असे जेवण घरी बनवून घरपोच देण्याचा माझा विचार आहे. मी 22 पदार्थांची यादी केली आहे. खिचडी-कढीच्या एका डब्याला 38 रुपयांचे साहित्य लागते, म्हणून किंमत 80 रुपये ठेवावी असे वाटते. परवाने कोणते लागतील आणि सुरुवात कशी करावी, याबद्दल आपला सल्ला हवा आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर: आपले जेवण कोण खाणार आहे, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे आणि ही मोठीच जमेची बाजू आहे. काळजी वाटते ती त्या 22 पदार्थांच्या यादीची. एका ओट्यावर आणि दोन-तीन शेगड्यांवर इतके पदार्थ रोज सांभाळायचे म्हटले, तर निम्मी भाजी फ्रीजमध्ये सुकेल आणि उरलेल्या निम्म्यासाठी तुमची धावपळ होईल. सुरुवातीला पाचच पदार्थ ठेवा. ते निवडताना आपल्या हाताला कशाची चव आहे, याचा विचार तुम्ही केलाच असेल. त्याच्याही आधी प्रत्येक पदार्थाला एक प्रश्न विचारा, की चुलीवरून उतरल्यानंतर अर्ध्या तासाने, बंद डब्याचे झाकण निघते तेव्हा, याचे काय झालेले असते. आजाऱ्याला आणि दमलेल्याला बरे वाटावे असे आपले बहुतेक पदार्थ मऊ, पातळ आणि वाफाळते असतात, आणि हे तिन्ही गुण रस्त्यात हरवतात.

खिचडीचेच पाहा. ताटात वाढताना आसट, पळीवरून सहज ओघळणारी खिचडी डब्यात निवत जाते तसे तांदूळ आणि डाळ उरलेले पाणी पिऊन टाकतात, आणि ग्राहकाच्या टेबलावर पोहोचेपर्यंत तिची वडी पडू शकेल इतकी ती घट्ट झालेली असते. म्हणून डब्यात भरायची खिचडी घरच्यापेक्षा चांगली पातळ हवी. भरण्याच्या वेळी उकळते पाणी घालून ती सारखी करावी आणि तूप वेगळ्या छोट्या डबीत द्यावे. पिठल्याला हाच न्याय लागू होतो. भाकरीचे दुखणे उलटे आहे: तव्यावरून काढलेली गरम भाकरी थेट डब्यात घातली, की तिचीच वाफ झाकणाला धरते, थेंब होऊन खाली पडते आणि पापुद्रा ओला होतो. आधी जाळीवर दोन-तीन मिनिटे तिची वाफ जाऊ द्यावी, मग ती कागदात गुंडाळावी. हा कागद वर्तमानपत्राचा असता कामा नये; छापील शाई अन्नाला लागते, आणि 2018 च्या अन्न-वेष्टनाच्या नियमांनी त्याला मनाईही केली आहे. साबुदाण्याची खिचडी तुमच्या यादीत असेल तर ती काढून टाका, कारण निवल्यावर तिचा जो चिवट गोळा होतो, त्याला तुमचा इलाज नाही.

कढीबद्दल स्वानुभव सांगते. मी डबे देत असे त्या पहिल्या वर्षी, सकाळी केलेली कढी दुपारी भरण्यापूर्वी खळखळून उकळली आणि तशीच घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून पाठवली. सात घरी चोथा आणि पाणी वेगळे झालेली कढी पोहोचली. एका आजोबांनी मात्र डबा परत देताना त्यात लिमलेटच्या दोन गोळ्या घालून पाठवल्या, ते मी विसरलेले नाही. ताकाला बेसन पुरेसे लावून, मंद आचेवर, उकळी फुटण्याच्या बेतात उतरवलेली कढी टिकते. दुसऱ्यांदा तापवताना तिला उकळू देऊ नये. तुम्ही पाच पदार्थ ठरवले, की प्रत्येकाचा एक डबा भरून घरातील कोणाला तरी स्कूटरवर अर्धा तास फिरवून आणायला सांगा, आणि तो डबा पुन्हा न तापवता तुम्ही स्वतः जेवा. यादी कशी छाटायची, हे त्या जेवणात कळेल.

भाताविषयी थोडे अधिक लिहिणे भाग आहे, कारण तुमच्या ग्राहकांत वृद्ध आणि आजारी माणसे असणार. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत ओट्यावर तासन्‌तास राहिला, की हे जिवाणू वाढतात, आणि त्यांच्यातील काहींनी तयार केलेले विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. त्यामुळे ‘वासावरून चांगला आहे’ हा घरातील निकष धंद्यात चालत नाही. अन्न एक तर 60 अंश सेल्सियसच्या वर गरम राहावे, नाही तर 5 अंशांच्या खाली थंड. मधल्या तापमानात ते दोन तासांपेक्षा जास्त राहू नये. दोनशे-तीनशे रुपयांचा अन्नात खुपसायचा तापमापक घ्या. सकाळच्या भाताची रात्री खिचडी करण्याची आपली घरगुती काटकसर इथे पूर्ण बंद ठेवा. मागणी पाहून लहान कुकर दोनदा लावणे परवडते. घरात कोणाला जुलाब-उलट्या होत असतील किंवा तुमच्याच बोटाला चिघळलेली जखम असेल, तर त्या दिवशी सुट्टी.

परवान्यांचे काम लोक समजतात तितके अवघड नाही. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार घरून विकणाऱ्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची, नोंदणी लागते. त्यांच्या फोसकॉस या संकेतस्थळावर अर्ज भरता येतो आणि 14 अंकी क्रमांक मिळतो. 2011 च्या नियमावलीने लहान व्यावसायिकासाठी वार्षिक 12 लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा आणि वर्षाला 100 रुपये शुल्क ठरवले होते; अशा मर्यादा बदलत असतात, म्हणून अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरचे आकडे पाहून घ्या. गॅसकडे मात्र बरेच जण काणाडोळा करतात. 14.2 किलोचा घरगुती लाल सिलिंडर विक्रीच्या स्वयंपाकाला वापरता येत नाही. त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो, आणि तो महाग पडतो हे किमतीत धरावे लागते. थर्माकोलच्या वाट्या आणि एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे चमचे यांवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. सोसायटीच्या चिटणीसांना आधीच एक पत्र द्या. तक्रारी स्वयंपाकाच्या क्वचितच असतात. त्या फोडणीचा वास, लिफ्टमध्ये सांडलेले सार आणि फाटकात उभ्या राहणाऱ्या दुचाकी यांच्या असतात, आणि तिन्हींची व्यवस्था तुम्ही आधी सांगितलीत तर अर्धे भांडण मिटते.

आता 80 रुपयांकडे वळू. साहित्याचे 38 रुपये तुम्ही नीट काढलेले दिसतात. त्यात डबा, डबी, पिशवी यांचे समजा 12 रुपये आणि गॅसचे 5 रुपये मिळवा. दिवसाला 20 डबे केलेत तर बाजारहाट, निवडणे, शिजवणे, भरणे आणि भांडी मिळून पाच तास सहज जातात. तुमच्या जागी कोणाला तासाला 100 रुपये देऊन ठेवले असते, तर डब्यामागे 25 रुपये झाले असते. बेरीज 80 येते. म्हणजे तुम्ही ठरवलेल्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च, न खपलेले चार डबे, फुटलेली बरणी आणि नफा यांपैकी काहीही बसत नाही. आपल्याकडे बाई घरी रांधते तेव्हा तिच्या वेळेला शून्य भाव लावण्याची सवय इतकी मुरलेली आहे, की स्वतःचा हिशेब मांडतानाही ती पाच तास विसरते. 120 रुपये किंमत ठेवा, पायी जाता येईल अशा इमारतींना फुकट पोहोचवा आणि लांबच्यांकडून पोहोचवण्याचे वेगळे घ्या.

ऑर्डर आदल्या रात्री नऊपर्यंत घ्यावी. आयत्या वेळच्या मागणीसाठी चार डबे जास्तीचे करावेत, पाचवा नको. पहिले दोन महिने कर्ज काढू नका. घरची पातेली पुरतात. पुढे मोठी शेगडी किंवा दुसरा फ्रीज घ्यायची वेळ आली, तर मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात 50,000 रुपयांपर्यंतचे कर्ज मिळू शकते.

प्रश्न: मी आणि माझी जाऊ मिळून महिन्याच्या बोलीवर 30 डबे देतो. पैसे महिनाअखेरीस मिळतात, तेही काहींचे पुढच्या दहा तारखेला. शिवाय बरेच जण सकाळी अकराला फोन करून ‘आज खाडा’ असे कळवतात आणि तेवढे पैसे कापून घेतात. किराण्याचे पैसे आम्हाला उसने घ्यावे लागतात. तोंडावर बोलायला संकोच वाटतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर: तुमची अडचण जुनी आहे. मुंबईच्या गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका याच फेऱ्यात सापडल्या होत्या: गिरणीचा पगार महिन्याने, वाण्याचे पैसे आज, आणि मधला काळ सावकाराच्या व्याजावर. त्यांना बँकेचे कर्ज मिळावे यासाठी प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्या कामगारांच्या हातात पगाराआधी पैसे नसत. तुमच्या ग्राहकांची गोष्ट वेगळी आहे. मोबाइलचे रिचार्ज ते आगाऊच भरतात.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून आगाऊ पैसे घ्या. जमत नसेल त्यांच्याकडून पंधरवड्याचे घ्या. खाड्याचा नियम छापून डब्यासोबत एक चिठ्ठी पाठवा: आदल्या रात्री आठपर्यंत कळवलेला खाडा पुढच्या महिन्यात वळता होईल, त्यानंतर कळवलेला होणार नाही, आणि महिन्यात चारपेक्षा जास्त खाडे धरले जाणार नाहीत. अकरा वाजता भाजी शिजलेली असते, पोळ्या लाटून झालेल्या असतात, त्यामुळे तो खाडा तुमच्यासाठी पूर्ण डब्याइतकाच खर्चाचा आहे, एवढे चिठ्ठीत एका वाक्यात लिहा. संकोचाचे म्हणाल, तर चिठ्ठीला संकोच वाटत नाही. तीन-चार ग्राहक सुटतील. ते बहुधा दहा तारखेला पैसे देणारेच असतील.

प्रश्न: आमचे घरगुती जेवणाचे छोटे केंद्र आहे आणि मुलगा डबे पोहोचवतो. स्विगी, झोमॅटोवर नाव नोंदवावे असा त्याचा आग्रह आहे. काय करावे?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: नोंदवायला हरकत नाही, परंतु सगळा धंदा तिकडे नेऊ नका. एफएसएसएआयचा क्रमांक तिथे विचारतातच. 1 जानेवारी 2022 पासून अशा ॲपवरून विकलेल्या तयार जेवणाचा जीएसटी ॲपच सरकारजमा करते, त्यामुळे तो भाग सोपा आहे; कमिशनचा नाही. करारात समजा 25 टक्के असतील, तर 120 रुपयांच्या डब्यातले 30 गेले, आणि सवलतीच्या योजनेत तुमचा वाटा किती, हे करारातल्या बारीक अक्षरांत असते. ते मुलाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. प्रवासात तग धरतील असे दोन-तीनच पदार्थ ॲपवर ठेवा. जुन्या ग्राहकांचे डबे पहिल्यासारखे मुलानेच न्यावेत.

पावसाचे गणित तेवढे लक्षात ठेवा. धो-धो पाऊस लागला, की खिचडी आणि पिठल्याची मागणी वाढते आणि त्याच वेळी पोहोचवणारी मुले कमी पडतात, त्यामुळे तुमचा वाफाळता डबा ओट्यावर पाऊण तास बसून राहतो. अशा संध्याकाळी ॲप बंद करून मुलाने छत्री घेऊन शेजारच्या दोन इमारती केल्या, तरी पातेले रिकामे होते.