रिकॉम्बिनंट माउस आर्जिनेज-१ ॲक्टिव्हिटी दाखवत नाही, वायल खराब आली असेल का?

तुमचे दोन प्रश्न आहेत. वायलवर ‘माउस’ आणि डेटाशीटवर ‘ई. कोलाय’ असं लिहिलंय, तर हे एन्झाइम नक्की कुणाचं? आणि या एन्झाइमनं सुटणाऱ्या युरियाचं रीडिंग जेमतेम ब्लँकच्या (एन्झाइम नसलेल्या नळीच्या) वर जातंय, तर माल परत करायचा का? एवढ्यात परत करू नका. एन्झाइम ॲसे, म्हणजे एन्झाइम किती काम करतं ते मोजणं, हेच माझं रोजचं काम आहे, आणि आर्जिनेजची तक्रार आली की मी आधी मँगनीजची चौकशी करते.

पहिल्याचं उत्तर सोपं. जनुक उंदराचं, ते ई. कोलायमध्ये घालून प्रोटीन बनवून घेतलेलं. ३२३ अमिनो आम्लांची साखळी, साधारण ३५ किलोडाल्टनची. अशा तीन एकत्र आल्या की पूर्ण एन्झाइम. यकृताच्या पेशीत ते सायटोप्लाझममध्येच राहतं, त्याला साखरेच्या साखळ्या लागत नाहीत. त्यामुळे जिवाणूत बनवल्यानं काही अडत नाही.

आता मँगनीज. आर्जिनिनचं पाणी घालून विघटन करायचं, ऑर्निथिन आणि युरिया सुटे करायचे, हे काम प्रत्येक साखळीतले दोन मँगनीज आयन करतात. शुद्धीकरणात ते काही अंशी निसटतात. मग जेलवर बँड ठसठशीत दिसतो आणि ॲक्टिव्हिटी मात्र यथातथाच. म्हणून आधी ॲक्टिव्हेशन: १० मिलिमोलर मँगनीज क्लोराइड, ट्रिस बफर, पीएच ७.५, ५५ अंशांवर १० मिनिटं. घाबरू नका, हे एन्झाइम तेवढी उष्णता सोसतं. डायल्यूशन फॉस्फेट बफरमध्ये केलंत तर मँगनीज फॉस्फेट होऊन तळाला बसेल. बफरमध्ये ईडीटीए असेल तर तो मँगनीज पकडून ठेवेल. यकृताचा लायसेट (पेशी फोडून काढलेला रस) शेजारी लावणार असाल, तर प्रोटिएज इनहिबिटरची गोळी ईडीटीएवाली नाही ना, हे डबीवर वाचा.

दुसरी अडचण पीएचची. ०.५ मोलर आर्जिनिन पीएच ९.७ वर लागतं, आणि बाटलीत बहुधा आर्जिनिन हायड्रोक्लोराइड असतं. ते नुसतं पाण्यात विरघळवलं तर द्रावण आम्लधर्मी होतं. सोडियम हायड्रॉक्साइडनं चढवा, मीटर लावून. पट्टीवर भागवू नका. उलट मँगनीज मात्र या पीएचला आधीपासून ठेवू नका, हवेत त्याचा तपकिरी गाळ होतो. आधी ७.५ ला ॲक्टिव्हेशन, मग आर्जिनिन, हा क्रम त्यासाठीच आहे. ३७ अंशांवर रिॲक्शन झाली की आम्लाच्या मिश्रणानं थांबवा, युरियाशी रंग देणारं आयसोनायट्रोसोप्रोपिओफेनोन घालून १०० अंशांवर तापवा, अंधारात गार होऊ द्या आणि ५४० नॅनोमीटरला वाचा. नळ्यांची झाकणं घट्ट हवीत, नाहीतर बाष्पीभवनानं रीडिंग भलतंच वर जातं. युरियाचा स्टँडर्ड कर्व्ह याच प्लेटवर, याच बॅचमध्ये.

एकदा एककंही तपासा. काही डेटाशीट ॲक्टिव्हिटी ‘पिकोमोल प्रति मिनिट प्रति मायक्रोग्रॅम’मध्ये देतात. २०,००० असा दणदणीत आकडा दिसतो, पण तो म्हणजे मिलिग्रॅमला २० युनिट (एक युनिट म्हणजे मिनिटाला एक मायक्रोमोल). १,००० नं भागायचं राहिलं की चांगल्या एन्झाइमलाही लोक नापास करतात.

गाइड विचारतीलच की मानवी का नाही मागवलं. कारण प्रयोग उंदराच्या मॅक्रोफेजवर, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशींवर आहे. इंटरल्युकिन-४ हे संदेशवाहक प्रोटीन दिलं की उंदराच्या मॅक्रोफेजमध्ये आर्जिनेज-१ जोरात वाढतं. माणसाच्या मॅक्रोफेजमध्ये ते तसं दिसत नाही, तिथे या एन्झाइमचा मोठा साठा न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींच्या कणांत असतो. स्टँडर्ड म्हणून वापरायचं एन्झाइम नमुन्याच्याच प्रजातीचं असलेलं बरं, विशेषतः पुढे अँटिबॉडी लावणार असाल तर.

ॲसे जमला की हेच एन्झाइम पेशींवर टाकावंसं वाटेल. तेव्हा डेटाशीटवर एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइडचा आकडा शोधा, नसेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. ई. कोलायमधल्या लिपोपॉलिसॅकराइडचा अंशही उंदराच्या मॅक्रोफेजला नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतो, आणि नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइमसुद्धा त्याच आर्जिनिनवर चालतं. म्हणजे आर्जिनिन कमी झालं, ते तुमच्या आर्जिनेजमुळे की दूषणामुळे, हे कळायला मार्ग नाही. उकळून निकामी केलेल्या आर्जिनेजचा कंट्रोल लावा. लिपोपॉलिसॅकराइड उकळून जात नाही, त्यामुळे तिथेही तोच परिणाम दिसला तर दोष एंडोटॉक्सिनचा. नॉर-नोहा हा आर्जिनेज रोखणारा इनहिबिटरही प्लेटच्या एका ओळीत ठेवा.