गर्टिनची पवनचक्की रंगवताना

इंग्लिश जलरंगचित्रकार थॉमस गर्टिनचं 'द व्हाइट हाउस अ‍ॅट चेल्सी' (1800) उतरवायला घेतलंस, फार बरं वाटलं. घाई मात्र करू नकोस. थेम्सकाठची पवनचक्की पाहून तुझा हात आधी तिच्या पात्यांकडे जाईल. जाऊ देऊ नकोस. ती दूरची, काळसर आकृती आहे. आकाश पूर्ण वाळल्यावर एका सपाट वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एकसारख्या थरात, बसव, पाती शेवटी, जवळजवळ कोरड्या ब्रशने.

खरा जीव त्या इवल्याशा पांढऱ्या घरात आहे. सगळीकडे संध्याकाळ उतरलेली आणि तेवढाच एक ठिपका लख्ख! ते पांढरं म्हणजे कोरा कागद. पाण्यातलं त्याचं प्रतिबिंबही तसंच राखून ठेव. मी पहिल्यांदा विसरलो आणि वरून पोस्टर व्हाइट लावला. घर चुना फासल्यासारखं मेलेलं दिसलं.

आणि हो, नीळ जपून निवड. गर्टिनच्या काळची नीळ उजेडाने उडते, त्यामुळे त्याची कितीतरी चित्रं आज तांबूस दिसतात. ट्यूबवरचं टिकाऊपणाचं चिन्ह वाचूनच घे. आधी पेन्सिलने छाया-प्रकाशाचं छोटं टिपण कर, मग पाणी घे.