इटालियन गायक गब्बानीचं 'नमस्ते'वालं गाणं म्हणजे आपली टिंगल आहे का? आणि इटालियन शिकायला त्याची गाणी चालतील का?

टिंगल आहे, पण आपली नाही. यावरून आमच्या घरात पाच महिने अबोला होता, म्हणून आधी हेच.

फेब्रुवारी २०१७ मध्ये मी इटलीत तोरीनोला शिकत होतो. सानरेमो या तिकडच्या गाण्यांच्या स्पर्धेची अंतिम फेरी आम्ही खोलीवरच्या सगळ्यांनी मध्यरात्र उलटेपर्यंत बघितली. फ्रान्चेस्को गब्बानी 'ओच्चिदेंतालीज कर्मा' घेऊन जिंकला. जोडीला गोरिलाच्या वेशातला नाच्या, आणि ध्रुवपदात 'नमस्ते, आले!' हे 'आले' म्हणजे तिकडच्या फुटबॉल मैदानातला जल्लोषाचा पुकारा. मी लगेच व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला.

सकाळी मामांचा फोन. "माकडाला नाचवून नमस्ते म्हणतात आणि तू टाळ्या पिटतोस?"

अहो मामा, नावातच आहे, पाश्चात्त्यांचं कर्म! माकड म्हणजे तेच. आमच्या गल्लीत एक योगवर्ग होता. काचेवर ॐ आतून रंगवलेला, म्हणजे रस्त्यावरून उलटा. फीचा कागद मात्र बाहेरून नीट वाचता येईल असा चिकटवलेला. मी होतो तोवर तो ॐ कुणी सरळ केला नाही. गाणं त्या काचेबद्दल आहे. निर्वाणाची शिकवणी, ओळीत उभा केलेला बुद्ध, आणि वर नाचायला लावणारी चाल. हा माणूस घरच्यांनाही सोडत नाही. आदल्याच वर्षी चमत्काराची वाट बघत बसणाऱ्यांवरच्या 'आमेन' या गाण्यावर तो सानरेमोच्या नवोदितांत पहिला आला होता.

मे महिन्यात कीवला युरोव्हिजन या देशादेशांच्या गाण्यांच्या स्पर्धेत सगळे त्यालाच विजेता धरून बसले होते. तिथल्या तीन मिनिटांच्या नियमापायी गाणं कापावं लागलं, नंबर सहावा आला. मामांचा मेसेज: "पाप फळलं." तिथून अबोला.

शिकण्याचं म्हणाल तर पहिल्या वर्षी हे गाणं घेऊ नका. हॅम्लेट, ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटस, शब्दांच्या कोट्या, सगळी एकात एक भरलीयत. त्याचंच २०२० चं 'विचेवेर्सा' घ्या. चाल संथ आहे, शब्द कळतात. त्यात समाजबिमाज नाही, प्रेमगीत आहे.

आणि हो, 'नमस्ते'वाल्या गाण्यात शेवटी येणारा 'ॐ' मलाही खटकतो. नुसता ठेक्यासाठी वापरल्यासारखा वाटतो. तेवढ्यापुरतं मामांचं बरोबर. पण एका अक्षरापायी अख्खं गाणं टाकून द्यायचं? मामा, वाचत असाल तर पूर्ण गाण्याचं भाषांतर आज रात्री पाठवतो. आधी ते वाचा, मग फोन करा.