रिटायर झालोय, दिवस जात नाही

प्रश्न: मागच्या वर्षी बँकेतून रिटायर झालो, वय ६१. सकाळी रंकाळ्याला चक्कर, मग पेपर, पुढं काय करायचं कळत नाही. मंडळी म्हणते कायतरी समाजकार्य करा, पोरगा म्हणतो आता कशाला दगदग. शुगर आहे, गुडघापण दुखतो. असं फुकट राबून तब्येतीला खरंच फायदा होतो का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: काका, काकूंचं ऐका. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या जवळपास १३ हजार लोकांचा अभ्यास २०२० साली छापून आला, त्यात वर्षाला १०० तास किंवा जास्त असं काम करणाऱ्यांत पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं, हालचालीच्या तक्रारी आणि एकटेपणापण कमी. १०० तास म्हणजे आठवड्याला दोनच तास हो! शुगर-बीपीत मात्र काही फरक दिसला नाही, त्यामुळं गोळ्या आणि रंकाळा सुरूच ठेवायचा.

आता काम कुठलं, तर तुम्हाला जे येतं तेच. सकाळी ओपीडीच्या टायमाला सीपीआरला, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, जाऊन बघा, गगनबावडा-राधानगरीकडनं पहाटेची एसटी धरून आलेली म्हातारी माणसं, रिपोर्टची कॅरीबॅग छातीशी धरून उभी असतात, केसपेपर कुठं काढायचा, एक्सरे कुठल्या मजल्यावर, योजनेला रेशनकार्ड ओरिजिनल लागतंय का झेरॉक्स चालतीय, विचारायचं कुणाला तेच कळत नाही, आणि एवढ्या गर्दीत खिडकीवरचा माणूस तरी किती जणांना परत परत सांगणार. आयुष्यभर काउंटरवर लोकांचे फॉर्म तपासलेला माणूस तिथं सोन्यासारखा आहे ओ! आधी तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्यांच्या परवानगीनंच करा, आणि बसून करायचं काम मागा म्हणजे गुडघ्याला त्रास नाही.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं पण बघा. मोबाइलवर चेहरा स्कॅन करून तो घरबसल्या देता येतो, हे गल्लीतल्या कितीतरी पेन्शनरांना माहीत नसतं. फक्त कुणाचा पिन-पासवर्ड स्वतःकडं लिहून ठेवू नका, कितीही जवळचा असला तरी.

पोराची काळजीपण बरोबर आहे, म्हणून रोज जायचं नाही. एकच वार धरा, मंगळवार म्हणा, दहा ते बारा, आणि वेळ झाली की उठायचं. उत्साहात रोज जाणारी माणसं लवकर दमतात आणि सगळंच सोडतात. नाष्टा करूनच निघा, शुगर एकदम उतरलीच तर म्हणून खिशात थोडी साखर असू द्या. दोन महिन्यांत नाहीच रमलं तर जवळच्या म्युन्सिपाल्टीच्या शाळेत हेडमास्तरांना भेटा, गणितात कच्च्या पोरांना शिकवणारं माणूस त्यांनाही हवंच असतंय.