थ्रीडी सिनेमात मला सगळं सपाटच दिसतं. खोट चष्म्यात असेल की डोळ्यांत?

तुम्ही लिहिलंय की थ्रीडी सिनेमाला घरचे सगळे दचकून मागे सरतात, तुम्हाला मात्र पडदा सपाटच दिसतो आणि धाकट्या भावाचं तर डोकंच दुखतं. शिवाय व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधायचा तो थ्रीडी पडदा, घ्यावा का, असंही विचारलंय. मी डॉक्टर नाही. पण माझा डावा डोळा लहानपणापासून ‘आळशी’ आहे, म्हणजे मेंदू त्याच्याकडे लक्षच देत नाही, आणि हे मला कळलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी चष्म्याचं बघा. सिनेमा चालू असताना तो चष्मा लावून आधी एक डोळा झाका, मग दुसरा. दर वेळी एकच चित्र दिसलं, दुहेरी सावली नसली, तर चष्मा ठीक आहे. मग डोळ्यांकडे वळायचं. आपले दोन डोळे सहा-साडेसहा सेंटिमीटर अंतरावर असतात, त्यामुळे दोघांना दिसणारं चित्र किंचित वेगळं असतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली ओळखतो. चार्ल्स व्हीटस्टोन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1838 मध्ये दोन चित्रं आणि आरसे वापरून हे दाखवून दिलं. थ्रीडी सिनेमा तेच करतो. पडद्यावर दोन चित्रं, आणि चष्मा ती एकेका डोळ्याला वाटून देतो. मेंदू एका डोळ्याचं चित्र घेतच नसेल, तर उरतो साधा सिनेमा.

माझं असं झालं. लेक पाच वर्षांची असताना तिचे डोळे तपासायला सदाशिव पेठेतल्या एका दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टरांनी तिला थ्रीडी सिनेमासारखाच, दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवणारा पोलराइज्ड चष्मा लावला, समोर एका मोठ्या माशीचं चित्र धरलं आणि म्हणाले, “तिचे पंख चिमटीत पकड बघू.” लेकीची बोटं कागदाच्या चांगली दोन इंच वर, हवेतच थांबली, आणि “ई!” करून तिनं हात मागे घेतला. मला नवल वाटलं, म्हणून मीही चष्मा लावून बघितला. माझी बोटं सरळ गुळगुळीत कागदाला जाऊन टेकली. डॉक्टरांनी लेकीला खाली उतरवलं आणि त्या खुर्चीत मला बसवलं.

डाव्या डोळ्याचा नंबर उजव्यापेक्षा पुष्कळ जास्त निघाला. उजवा सगळं सांभाळत होता, म्हणून लहानपणी कुणाच्या लक्षातच आलं नाही आणि मेंदूनं डाव्याचं ऐकणं सोडून दिलं. तिरळेपणामुळे किंवा एका डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळेही असं होतं.

“इतकी वर्षं कळलं कसं नाही?” असं मला सगळे विचारतात. अंतर एका डोळ्यालाही कळतं हो. जवळची वस्तू लांबच्या वस्तूला झाकते. सिंहगड रोडवर बसच्या खिडकीत बसलं की दुकानं भरभर मागे पळतात आणि लांबची पर्वतीची टेकडी जागची हलत नाही. एवढ्यावर आयुष्य निभतं. अडतं ते सुई ओवताना, कपात चहा ओतताना. मला वाटायचं, आपला हातच धांदरट.

तुमच्या भावाचं दुखणं वेगळं वाटतं. एकच डोळा वापरणाऱ्याला थ्रीडीचा त्रास बहुधा होत नाही. त्रास होतो तो दोन्ही डोळे चांगले असून त्यांचा मेळ कष्टानं बसतो त्याला. पडद्यावरचा पक्षी नाकासमोर आला की दोन्ही डोळे त्याच्यासाठी आत वळतात, पण स्पष्ट दिसायला फोकस मात्र लांबच्या पडद्यावरच ठेवावा लागतो. ही ओढाताण सगळ्यांचीच होते. डोळे आत वळवायची ताकद कमी असलेल्यांचं डोकं लवकर धरतं. थोडं मागे बसावं, नंबरचा चष्मा असेल तर थ्रीडीचा त्यावरूनच लावावा, मान शेजारच्याच्या खांद्यावर टाकू नये. मान कलली की दोन चित्रं एकाशेजारी एक न राहता वरखाली होतात आणि ती जुळवताना डोळे थकतात.

हेडसेटमध्ये ही ओढाताण जास्त जाणवते, कारण वस्तू डोळ्यांच्या फार जवळ आणता येतात. तपासणीआधी पैसे घालू नका. घेतलाच, तर भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांतल्या बाहुल्यांच्या अंतराशी जुळवता येईल असाच घ्या.

घरी एक करून बघा. दोन हातांत दोन पेनं आडवी धरा आणि झटकन टोकाला टोक लावा. आधी दोन्ही डोळे उघडे ठेवून, मग एक झाकून. दोन्ही वेळा सारखंच चुकलं, तर नक्की तपासून घ्या.

आणि घरात लहान मूल असेल तर त्याला आधी न्या, ही माझी कळकळीची विनंती आहे. ह्यूबेल आणि वीझल या मेंदूच्या अभ्यासकांना 1981 चं नोबेल मिळालं त्या कामातून हेच दिसलं, की दोन्ही डोळ्यांची मेंदूतली जोडणी कोवळ्या वयातच पक्की होते. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, हे उपचार सात वर्षांच्या आत सुरू झाले तर गुण चांगला येतो. मोठ्या मुलांनाही काही वेळा येतो, पण वाट कशाला पाहायची?

तपासायला गेलात की नुसता नंबर काढून परत येऊ नका. दोन्ही डोळे एकत्र काम करतात का तेही बघा, असं स्पष्ट सांगा. आणि भावालाही बरोबर न्या.