पश्चिमेच्याही पश्चिमेला कोकण?

प्रश्न असा आहे: सिंधुदुर्ग-रत्नागिरी कोल्हापूरच्या पश्चिमेला. मग 'पश्चिम महाराष्ट्र' म्हटलं की कोल्हापूर-सांगली-सातारा का, आणि कोकण त्यात का नाही? शब्द चुकीचा रूढ झालाय का?

चुकीचा नाही. फक्त त्यातल्या 'पश्चिम'ला होकायंत्र लावायचं नाही. १९५६ मध्ये मराठवाडा हैदराबादेतून आणि विदर्भ मध्य प्रदेशातून आला. त्यांच्या बाजूनं बघितलं तर जुन्या मुंबई राज्यातला सगळा मराठी मुलूख पश्चिमेलाच. त्यातल्या कोकणाला आणि खानदेशाला आपापलं नाव होतं. बाकीच्याला दिशा चिकटली. म्हणूनच सोलापूर शहर संभाजीनगरच्याही पूर्वेला असून ते 'पश्चिम महाराष्ट्रात' आणि संभाजीनगर मराठवाड्यात. ही रेघ निजामाच्या हद्दीची आहे, सूर्याची नाही. नगरचं तर कायमचंच भिजत घोंगडं: महसूल विभाग नाशिकचा, पण साखर आणि सहकाराचा विषय निघाला की ते आमच्यात.

तसं या मुलखालाही नाव होतं, 'देश'. कोकणातला माणूस अजून 'देशावर' म्हणतो, 'घाटावर' म्हणतो. पण अख्खा भारत 'देश' झाल्यावर आपल्या तोंडचा हा छोटा देश मागं पडला, असा माझा अंदाज. माणदेशानं तो जपलाय. १९९४ च्या विकास मंडळांनी तर कहरच केला. विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'! कोल्हापूरकराला 'उर्वरित' म्हणायला धाडस लागतं.

'दक्षिण महाराष्ट्र' हा शब्द तर चक्क सरकत आलाय. इंग्रजांचा 'सदर्न मराठा कंट्री' म्हणजे बेळगाव, धारवाड आणि भोवतालची संस्थानं. १८८२ च्या सदर्न मराठा रेल्वेचं मुख्य ठाणं धारवाडला होतं. १९५६ ला बेळगाव-धारवाड म्हैसूर राज्यात गेले आणि शब्द वर सरकून कोल्हापूर-सांगलीवर येऊन बसला. सांगली जिल्ह्याचं नावही १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा' होतं.

आणि हवामान खात्याच्या लेखी आपण 'मध्य महाराष्ट्र'. याचा फटका आमच्या घरानं खाल्लाय. मे महिन्यात बातम्यांत 'मध्य महाराष्ट्रात वादळी पावसाचा इशारा' ऐकूनही आईनं गच्चीवरचे सांडगे काढले नाहीत. "ते तिकडं मध्ये कुठंतरी असंल," म्हणाली. संध्याकाळी वळीव आला, सांडग्यांचा लगदा झाला.

तेव्हा लिहिताना एवढंच बघा, संदर्भ कुठला. राजकारण-सहकारात पश्चिम, पावसात मध्य, कोल्हापूर-सांगलीपुरतं बोलायचं तर दक्षिण. 'पश्चिम महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग' मात्र लिहू नका. भूगोलानं बरोबर असलं तरी वाचणारा अडखळतो.

बोलण्यात यातलं काहीच नसतं. गगनबावड्याला टपरीवर चहा पिताना मी मुद्दाम विचारलं, कोकण कुठनं सुरू होतं? चहावाल्यानं करूळ घाटाकडं हात केला, "त्ये काय, खाली." मग हा इकडचा भाग कुठला म्हणायचा?

"ह्यो? ह्यो कोल्हापूरच की."