एका किताबाचे पाच रस्ते

प्रश्न : लंडनमध्ये चेअरिंग क्रॉस स्थानकाजवळच्या एका बोळाच्या पाटीवर ‘यॉर्क प्लेस, पूर्वीची ऑफ ॲली’ असे लिहिलेले पाहिले. नुसते ‘ऑफ’ हे गल्लीचे नाव कसे असेल? की पाटी रंगवताना एखादा शब्द गळला आहे?

उत्तर : शब्द गळलेला नाही, गल्लीचे नाव तेवढेच होते. स्ट्रँड हा रस्ता आणि थेम्स नदी यांच्यामध्ये पूर्वी यॉर्क हाउस नावाचा मोठा वाडा होता. बकिंगहॅमचे दुसरे ड्यूक जॉर्ज व्हिलिअर्स यांना तो वडिलांकडून वारशाने आलेला होता. त्यांनी १६७२ मध्ये तो ३०,००० पौंडांना विकला, पण वाडा पाडून तेथे जे रस्ते काढले जातील त्यांना आपले पूर्ण नाव, किताबासकट, द्यावे अशी अट घातली. त्यानुसार जॉर्ज स्ट्रीट, व्हिलिअर्स स्ट्रीट, ड्यूक स्ट्रीट, ऑफ ॲली आणि बकिंगहॅम स्ट्रीट अशी नावे पडली. ती याच क्रमाने वाचून पाहावीत. मराठीत ‘बकिंगहॅमचे’ म्हणताना प्रत्यय नावालाच चिकटतो, त्यामुळे त्याला वेगळी गल्ली देताच आली नसती. इंग्रजीतला ‘ऑफ’ सुटा आहे, म्हणून त्याच्या वाट्याला निदान एक बोळ आला!

१६८७ मध्ये ड्यूक निपुत्रिक वारले आणि त्यांच्या घराण्यातला हा किताब तेथेच संपला. (बकिंगहॅम राजवाड्याचे नाव यांच्यावरून पडले असा समज आढळतो, तो बरोबर नाही, तो किताब पुढे १७०३ मध्ये जॉन शेफील्ड यांना नव्याने मिळाला आणि राजवाड्याच्या जागी त्यांचे घर होते.) पाचांपैकी व्हिलिअर्स आणि बकिंगहॅम हे दोन रस्ते आजही त्याच नावांनी ओळखले जातात. जॉर्ज स्ट्रीटचे यॉर्क बिल्डिंग्ज झाले, तर ड्यूक स्ट्रीट जॉन ॲडम स्ट्रीटमध्ये सामावला गेला. ऑफ ॲलीचे नावही बदलले, तरी ‘पूर्वीची’ म्हणून ते पाटीवर टिकवणाऱ्यांचे आभारच मानायला हवेत.

पुन्हा जाणे झाले, तर बकिंगहॅम स्ट्रीटने नदीच्या दिशेने शेवटपर्यंत उतरावे. समोरच्या बागेत दगडी कमानींचा एक दरवाजा दिसेल. पहिल्या ड्यूकच्या काळात, १६२६ च्या सुमारास बांधलेला हा वाड्याचा पाणदरवाजा असून तेथे पायऱ्यांना नावा लागत. एकोणिसाव्या शतकात बंधारा घालून नदी मागे रेटली गेली, तेव्हापासून तो कोरड्या जमिनीवर, पाण्यापासून सव्वाशे मीटरहून अधिक अंतरावर उभा आहे.